वाघमारे गुरुजींची रद्द मतं

वाघमारे गुरुजींना भिंतीवरची अशुद्ध अक्षरं सहन होत नसत. रस्त्याने जाताना कुठे ऱ्हस्वाचं दीर्घ झालेलं दिसलं, की ते थांबत, सदऱ्याच्या खिशातून खडूचा तुकडा काढत, चूक खोडत आणि शेजारी बरोबर अक्षर लिहून पुढे जात. बाजाराच्या दिवशी त्यांच्याबरोबर कोरेगावला जायचं म्हणजे तासभर जास्त धरूनच निघावं लागे.

बासष्टच्या निवडणुकीत गावोगावच्या भिंती रंगल्या, तेव्हा त्यांच्या या सवयीला ऊत आला. 'प्रचंड बहूमताने विजयी करा' असं एका पक्षाने शाळेच्या वाटेवर लिहिलं होतं. गुरुजींनी 'बहू'चा ऊकार खोडून ऱ्हस्व केला. दुसऱ्या दिवशी दोन कार्यकर्ते शाळेत आले.

"मास्तर, आमच्या भिंतीला हात लावला म्हणं. कुठल्या पार्टीचं तुमी?"

गुरुजी मुलांच्या पाट्या तपासत होते. त्यांनी मान वर केली. "चूक दोन्ही पार्ट्यांची एकच हाय. त्यांचीबी काल दुरुस्त केली. जाताना बघून जावा."

ते खरोखर बघायला गेले. पुन्हा शाळेकडे फिरकले नाहीत.

मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. माझं घर सांगलीचं. नेमणूक मिळाली ती कोरेगावच्या पलीकडे, एका ओढ्याच्या पल्याड असलेल्या माळेवाडीच्या शाळेत. शाळा दोन शिक्षकांची, त्यांतले थोरले वाघमारे गुरुजी. पन्नाशीचे, उंच, किंचित वाकलेले. पांढरा सदरा, धोतर, उन्हातही डोकं उघडं. त्यांचं घराणं बौद्ध झालेलं. गावाच्या कडेला बौद्ध वस्तीत एका खोलीत ते एकटेच राहत. पत्नी वारली होती. मुलगा शिकत होता, तो पुढे कुपवाडच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागला. मला ते पहिल्या दिवसापासून 'तुमी' म्हणाले. मी वयाने त्यांच्या मुलाएवढा. एकदा तसं बोलून दाखवलं तर म्हणाले, "शाळेत वय फक्त पोरांचं मोजायचं."

त्या काळात आमच्या जिल्ह्यात प्रौढांना साक्षर करायचं वारं होतं. बहुतेक गावांत वर्ग सुरू होत आणि चार महिन्यांत बंद पडत. गुरुजींचा बायकांचा वर्ग मात्र वर्षानुवर्षं चालला. तो भरायचा दुपारी, शाळा सुटल्यावर, भांडीकुंडी आवरून बायका जरा मोकळ्या झाल्या की. सुरुवातीला फक्त वस्तीतल्या बायका यायच्या. मग गावातली हौसा आली. तिचा नवरा फौजेत होता. त्याची पत्रं आली की ती आमच्याकडून वाचून घ्यायची, आणि वाचताना आम्हीही लाजायचो, तीही. एके दिवशी ती गुरुजींना म्हणाली, "गुरुजी, त्यांचं पत्र मला माझं मला वाचायचंय." तिच्या मागोमाग फौजेत माणूस असलेल्या आणखी चारपाच जणी आल्या.

आल्या, पण वस्तीच्या बायकांपासून हातभर लांब बसल्या. मधली जागा मोकळी. गुरुजींनी फक्त वर्ग पुढच्या ओसरीवरून मागच्या ओसरीवर नेला. मागच्या ओसरीवर दुपारी ऊन आत सरकत यायचं. तासाभरात निम्मी ओसरी तापायची आणि सगळ्या बायका उरलेल्या सावलीत दाटीने बसायच्या. महिनाभराने पाटलांच्या घरातली एक म्हातारी कुरकुरली, तेव्हा गुरुजी म्हणाले, "सावलीच तेवढी हाय, आक्का. मी तरी काय करू?"

शिकवताना फार चिवट. शब्द लिहून झाल्याशिवाय वरची रेघ ओढू द्यायचे नाहीत. "आधी अक्षरं उभी राहू द्या, मग वर छप्पर घाला," म्हणायचे. ऱ्हस्व-दीर्घाची सूट प्रौढांनाही नाही. मी एकदा म्हटलं, "गुरुजी, नाव लिहायला आलं तरी पुष्कळ झालं की." ते म्हणाले, "देशमाने, गरिबानं चुकीचं लिवलं तर लोक अक्षराला हसत न्हाईत, माणसाला हसतात."

वर्गात सगळ्यांत थोरल्या होत्या वस्तीतल्या सोनाबाई. साठीच्या पुढच्या. त्यांची गोष्ट सांगायची तर ओढ्याची सांगावी लागते. पावसाळ्यात ओढा भरला की माळेवाडी तुटायची. बासष्टला सत्ताधारी पक्षाच्या उमेदवाराने ओढ्याच्या काठावर नारळ फोडला आणि पूल बांधून देतो म्हणून सांगितलं. मतदानाच्या आधी दगडांच्या गाड्याही येऊन पडल्या. माळेवाडीने एकगठ्ठा मतं दिली, गुरुजींनीही दिलं. तो निवडून दिल्लीला गेला. पुढच्या उन्हाळ्यात ते दगड एकेक गाडी करून सरपंचाच्या नव्या गोठ्याच्या पायात गेले. त्यानंतरच्या पावसाळ्यात सोनाबाईंची सून अडली. तिला गाडीत घालून कोरेगावच्या दवाखान्यात न्यायला निघाले, तर ओढ्याला छातीएवढं पाणी. पाणी उतरायची वाट बघत गाडी काठावर उभी राहिली. सून गाडीतच गेली. मूलही राहिलं नाही.

सोनाबाई त्यानंतर वर्गाला येऊ लागल्या. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि गुरुजींनी विचारलं नाही.

सदुसष्टच्या निवडणुकीत तीन जीपगाड्या आल्या. बासष्टला विरोधी पक्षाकडून उभं राहून ज्याने 'दगड दाखवून मतं मागतात' असं भाषण केलं होतं, तोच माणूस या वेळी सत्ताधारी पक्षाच्या जीपमधून उतरला आणि पुलाचं श्रेय आपल्या नव्या पक्षाला कसं द्यायला हवं ते सांगू लागला. पूल कुठे होता? पण त्याला ते अडचणीचं वाटलं नाही.

गुरुजींना जे लागलं ते दुसरंच. वस्तीचा म्हणून जो पक्ष होता, ज्याच्या सभेला ते तरुणपणी चालत साताऱ्याला गेले होते, त्याचे आता दोन तुकडे झालेले. सकाळी एका तुकड्याचे पुढारी वस्तीत आले, संध्याकाळी दुसऱ्याचे. दोघांनीही तीच वाक्यं म्हटली, त्याच माणसाची शपथ घेतली आणि एकमेकांना विकलेले म्हटलं. संध्याकाळची सभा संपल्यावर सोनाबाईंनी गुरुजींना विचारलं, "गुरुजी, मग आता आमी कुणाचं?"

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी वर्ग घेतला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मतमोजणीला आम्हा दोघांना कोरेगावला बोलावणं आलं. मी मोजणीच्या एका टेबलावर होतो. गुरुजींचं अक्षर चांगलं म्हणून त्यांना अधिकाऱ्यांच्या टेबलाशी बसवलं होतं. संशयास्पद मतपत्रिका सगळ्या टेबलांवरून तिथे जायच्या. अधिकारी बघून निर्णय द्यायचे आणि मत बाद ठरलं तर गुरुजी त्याच्यावर 'रद्द'चा शिक्का मारून वहीत नोंद करायचे. दुपारपर्यंत हे काम संथपणे चाललं होतं. कुणी दोन चिन्हांवर शिक्के मारलेले, कुणाची शाई पसरलेली.

मग आमच्या गावची पेटी फुटली. ती माझ्या शेजारच्या टेबलावर होती. थोड्या वेळाने तिथला कारकून मतपत्रिकांचा एक छोटा गठ्ठा घेऊन अधिकाऱ्यांकडे गेला आणि त्याच्या मागून तिन्ही उमेदवारांचे प्रतिनिधी. बोलाचाली ऐकू आली म्हणून मी मान वर केली.

सतरा मतपत्रिका होत्या. लोकसभा आणि विधानसभेचं मतदान तेव्हा एकाच दिवशी व्हायचं; या सगळ्या लोकसभेच्या, दिल्लीच्या निवडणुकीच्या. काहींवर शिक्का होता, काहींवर नव्हताच, पण प्रत्येकीवर पेन्सिलीने एक शब्द लिहिलेला होता. पूल. शिक्का ज्याच्या चिन्हावर होता त्याचा प्रतिनिधी ते मत आपलं म्हणत होता. अधिकारी तरुण होते, सभ्य होते. ते म्हणाले, "मतपत्रिकेवर काही लिहिलेलं असलं आणि त्यावरून मतदार ओळखता येत असला, तर मत धरता येत नाही. मला इलाज नाही."

एक मतपत्रिका त्यांनी जरा जास्त वेळ हातात धरली. तिच्यावर दोन ओळी होत्या. 'पूल नाही. सून गेली.' त्यांनी ती खाली ठेवली आणि गुरुजींकडे सरकवली.

एक प्रतिनिधी हसत म्हणाला, "कुणातरी अडाण्यांचं काम दिसतंय, साहेब."

गुरुजींच्या हातात शिक्का होता. समोर सतरा वेळा लिहिलेला तो शब्द. सतराही ठिकाणी ऊकार दीर्घ, सतराही ठिकाणी वरची रेघ शेवटी, एका दमात ओढलेली. अख्ख्या तालुक्यात असा 'पूल' लिहिणारी माणसं कुठे बसून शिकली होती हे त्या दालनात दोघांनाच माहीत होतं, आणि दोघांनीही गुप्ततेची शपथ घेतली होती.

"साहेब," गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "शब्द शुद्ध आहे."

अधिकाऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. "असेल. पण मत रद्द आहे."

"व्हय," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी शिक्के मारले. एकेक, सावकाश, शब्दावर शाई पडणार नाही अशा बेताने.

निकालावर त्या सतरा मतांचा काहीच परिणाम झाला नाही. निवडून आलेला माणूस कितीतरी पुढे होता. परतीच्या एस.टी.त गुरुजी खिडकीबाहेर बघत बसले. ओढ्याशी उतरून आम्ही चालू लागलो, तेव्हाही मी तो विषय काढला नाही.

दोन दिवसांनी वर्ग भरला. बायकांचे चेहरे वेगळेच दिसत होते, काहीतरी चांगलं करून आलेल्या माणसांचे असतात तसे. गुरुजींनी खडू हातात घेतला तसं हौसा सोनाबाईंना म्हणाली, "सांगा की आता."

सोनाबाई म्हणाल्या, "गुरुजी, तुमाला न सांगता आमी एक केलंय. दिल्लीच्या मतावर आमी सगळ्यांनी लिवलंय. पूल म्हणून."

"मुंबईच्या मतावर न्हाई लिवलं," हौसा म्हणाली. "मुंबईवाल्यांना सांगून झालंय. म्हटलं, दिल्लीला कळू दे. पेन्सिली अंबाड्यात खोचून न्हेल्या."

"आता ते कागूद दिल्लीला कवा पोचतील?" सोनाबाईंनी विचारलं.

मी ओसरीच्या टोकाला पाट्या रचत होतो. माझे हात थांबले. गुरुजींना एवढंच म्हणता आलं असतं, की मला काही कल्पना नाही. त्यांनी खडू खाली ठेवला आणि ते बायकांच्या समोर जमिनीवर बसले. मोजणीत काय पाहिलं ते त्यांनी तेव्हाही सांगितलं नाही, पुढेही कधी नाही. फक्त नियम सांगितला. मतपत्रिकेवर लिहिलं की मत रद्द होतं. ते कागद दिल्लीला जात नाहीत. मोजून झाले की पोत्यात बांधून ठेवतात आणि मुदत संपली की नष्ट करतात.

मग हौसा म्हणाली, "म्हंजे शिक्का मारला तर पूल न्हाई, आन् लिवलं तर मत न्हाई."

"व्हय."

"मग आमाला लिवाय शिकवलं कशाला?"

रागाने म्हणाली नाही. खरंच विचारत होती. गुरुजींनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते. ते त्या हातांकडेच बघत होते.

"मी तुमाला माझं सांगतो," ते म्हणाले. "माझं मत माझं हाय, ते सांगायला मला बंदी न्हाई. मी आत गेलो. शिक्का हातात घेतला. त्या कागदावरचं एकबी चिन्ह मला आपलं वाटंना. ज्याला जल्मभर आपलं म्हटलं, त्याच्यावरनंबी मन उडालं. तशीच घडी घातली आन् पेटीत टाकली. कोरी."

सोनाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "तुमाला लिवाय येत असून?"

पाच वर्षं गुरुजींच्या शेजारी काम केलं, पण त्यांची मान खाली गेलेली मी तेवढी एकदाच पाहिली. बायका उठल्या. कुणी पाटी घेतली, कुणी घेतली नाही.

पुढे तीन दिवस वर्गाला कुणी आलं नाही. गुरुजी रोज ठरल्या वेळी मागच्या ओसरीवर जात, फळ्यावर तारीख आणि धडा लिहीत आणि तासभर बसून राहत. मी म्हटलं, "मी जाऊन बोलावून आणू का?" ते म्हणाले, "नको. त्या रागवल्यात, ते बरोबर हाय. राग उतरवायला माणूस पाठवायचा नसतो."

चौथ्या दिवशी सोनाबाई आल्या. एकट्याच. पाटी मांडीवर घेऊन पहिल्या जागी बसल्या आणि म्हणाल्या, "मला माझं नाव लिवाय येतंय. आता दिल्लीचा पत्ता शिकवा."

त्या दिवशी गुरुजींनी फळ्यावर निवडून आलेल्या खासदाराचा पत्ता लिहिला. दुसऱ्या दिवशी ते चालत जाऊन पोस्टकार्डं घेऊन आले. आठवडाभरात सगळ्या बायका परत आल्या. दर सोमवारी पत्रलेखनाचा तास होऊ लागला. प्रत्येकीने आपलं कार्ड आपल्या शब्दांत लिहायचं. गुरुजी मजकूर सांगत नसत, फक्त शुद्धलेखन तपासत. एक नियम मात्र त्यांनी घातला. "मतावर नाव घालायचं न्हाई," ते म्हणाले, "आन् कार्डावर नाव घातल्याबिगर पाठवायचं न्हाई." हौसा म्हणाली, "नाव बघून कुणी तरास दिला तर?" गुरुजी म्हणाले, "माझंबी नाव घालतो. तरास वाटून घेऊ."

मेअखेर उत्तर आलं. छापील होतं. आपले पत्र मिळाले, आभारी आहे, योग्य ती कार्यवाही करण्यात येईल. खाली सहीचा ठसा. हौसाने ते मोठ्याने वाचलं. वाचून झाल्यावर म्हणाली, "ह्यात पूल हा शब्दच न्हाई." मग सगळ्यांनी पुन्हा कार्डं लिहिली. आपण लिहिलेला शब्द आपल्याला उत्तरात का सापडला नाही, असं विचारणारी.

यानंतर जे व्हायचं ते झालं. सरपंच आणि पक्षाची माणसं तालुक्याला गेली. मास्तर सरकारी पगारावर राजकारण करतो, बायकांना चिथावतो, अशी तक्रार केली. पावसाळ्याच्या तोंडावर बदलीचा हुकूम आला. माण तालुक्यातलं एक लांबचं गाव. मला संताप आला होता. गुरुजी हुकूम दोनदा वाचून म्हणाले, "माणला ओढ्यांना पाणीच नसतंय. निदान तिथं पूल मागावा लागायचा न्हाई." मग थोडं थांबून, "वर्ग चालू ठेवा, देशमाने. तुमाला जमंल तसा."

मी वर्ग चालवला असं म्हटलं तर ते खोटं होईल. बायकाच चालवत होत्या. मी खडू आणून देत होतो. सोमवारची कार्डं दोन वर्षं जात राहिली. शेवटी ओढ्यावर फरशी झाली. पूल नव्हे, दगडी फरशी, जोराचं पाणी आलं की बुडणारी. उद्घाटनाला खासदार आले, भाषणात पक्षाचे आभार मानले. भाषण संपल्यावर सोनाबाई उठून उभ्या राहिल्या.

"सायेब, पाणी वरनं गेलं तर?"

"दोन तास थांबायचं, आजी. पाणी उतरतं."

सोनाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "दोन तास लय असत्यात." मग खाली बसल्या. त्या सोमवारी त्यांच्या कार्डावर एवढंच होतं: फरशी झाली. पूल राहिला आहे.

गुरुजींची आणि माझी शेवटची भेट एकोणसत्तरच्या दिवाळीनंतर झाली. ते निवृत्त होऊन मुलाकडे कुपवाडला राहायला आले होते. मी सुट्टीसाठी सांगलीला घरी होतो. परत निघायच्या दिवशी दुपारी स्टँडकडे जाताना एका सरकारी कचेरीबाहेरच्या रांगेत ते मला दिसले. पाठ पूर्वीपेक्षा वाकली होती. हातात काठी होती, काखेत कागदाची सुरळी. मी हाक मारली तसे ओळखून हसले, पण रांग सोडली नाही.

मी त्यांना फरशीचं सांगितलं, सोनाबाईंचा प्रश्न सांगितला. ते लक्षपूर्वक ऐकत होते. "दोन तास लय असत्यात," ते स्वतःशीच म्हणाले. मग मी विचारलं, रांग कसली?

"मतदार यादीची. गाव बदललं न्हवं का, इथल्या यादीत नाव घालायचंय. दोनदा येऊन गेलो. एकदा अर्ज संपले हुते, एकदा सायेब न्हवतं."

आदल्या आठवड्यातच पक्षांच्या फाटाफुटीच्या बातम्यांनी वर्तमानपत्रं भरली होती. मी म्हटलं, "गुरुजी, अजून कुणावर भरवसा आहे तुमचा?"

ते विचारात पडले. मला वाटतं, ते खरंच आठवून बघत होते. "न्हाई," ते म्हणाले. "एकावरबी न्हाई. पण मागल्या खेपंला मी आत जाऊन काहीच न करता भाईर आलो. ते एक राहून गेलंय."

एवढ्यात कचेरीची खिडकी बंद झाली. आतून कुणीतरी जेवणाची सुट्टी म्हणून सांगितलं. रांगेतली माणसं कुरकुरत समोरच्या झाडाखाली गेली, काही घरी गेली. माझ्या गाडीची वेळ झाली होती. मी म्हटलं, "चला, तोवर सावलीत तरी बसा."

"तुमी निघा, गाडी चुकंल," गुरुजी म्हणाले. "नंबर जाईल माझा."

मी वाकून नमस्कार केला आणि निघालो. कोपऱ्यावर वळताना मागे पाहिलं. बंद खिडकीसमोर, उन्हात, ते एकटेच उभे होते. अर्जाची सुरळी उलगडून त्यांनी ती डोळ्यांजवळ धरली होती आणि लिहिलेलं सगळं पुन्हा एकदा तपासून पाहत होते.